हजार डॉलरची रेघ

ऑक्टोबर संपत आला की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. कंपनीने पुढच्या वर्षीचे विम्याचे पर्याय पाठवलेले असतात, निवडायला थोड्याच दिवसांची मुदत असते आणि बाकी सगळं भरून झालं की दातांच्या रकान्याशी येऊन माणसं थबकतात. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात विम्याचं काम बघते. पेशंट खुर्चीत बसण्याआधी त्याचा प्लॅन काय देतो याची चौकशी करायची, उपचार झाले की क्लेम पाठवायचा, नाकारला गेला तर एक्स-रे जोडून पुन्हा दाद मागायची, हे माझं रोजचं काम. मूळची मी इस्लामपूरची, बी. कॉम. झालेली. ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात ते या विम्याबद्दल विचारायलाच.

त्या फोनवर मी जे सांगते त्याचा गाभा इथे मांडायचा आहे. दातांच्या प्लॅनमधलं प्रत्येक कलम कुणीतरी, कधीतरी केलेल्या तडजोडीतून आलेलं आहे. वर्षाची कमाल रक्कम, शंभर-ऐंशी-पन्नासची टक्केवारी, वर्षातून दोन क्लीनिंग, नेटवर्कमधला डॉक्टर ही सगळी माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवलेली व्यवस्था आहे. ती कशी ठरली हे कळलं की प्लॅनची पुस्तिका कुठून वाचायला घ्यायची तेही कळतं.

दात आणि उरलेलं शरीर यांच्या वाटा फुटल्या त्या विमा येण्याच्या कितीतरी आधी. १८४० साली होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरमध्ये दंतवैद्यकाचं महाविद्यालय काढलं. जगातलं ते पहिलं. वैद्यकीय महाविद्यालयाचा एक विभाग म्हणून ते निघालं नाही, स्वतंत्र संस्था म्हणून निघालं. तोवर दात उपटणं हे न्हाव्यांचं, लोहारांचं, गावोगाव फिरणाऱ्या कारागिरांचं काम होतं. त्याला अभ्यासक्रम आणि पदवी मिळाली हा समाजाचा मोठा लाभ झाला. पण शिक्षण वेगळं झालं तसा दवाखाना वेगळा झाला, दवाखाना वेगळा म्हणून बिल वेगळं, आणि बिल वेगळं म्हणून पुढे विमाही वेगळा.

आरोग्य विम्याचा अमेरिकेतला जन्म इस्पितळात झाला. १९२९ साली डल्लासच्या बेलर विद्यापीठाच्या इस्पितळासाठी जस्टिन फोर्ड किंबॉल यांनी शहरातल्या शिक्षकांपुढे एक योजना ठेवली. महिना ५० सेंट भरा, गरज पडली तर २१ दिवस इस्पितळात राहा. शिक्षकांना मोठ्या बिलाची धास्ती राहिली नाही आणि इस्पितळाला पैशांची शाश्वती मिळाली. यातूनच ब्लू क्रॉस ही विमा संस्था उभी राहिली. डॉक्टरांच्या फीसाठी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळी योजना निघाली, ती ब्लू शील्डची सुरुवात. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगार गोठवले तेव्हा कामगार टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला आणि नोकरी व विमा यांची गाठ कायमची बसली. या सगळ्या घडामोडींत दात कुठेच नव्हते. दाढ किडली म्हणून कुणी इस्पितळात दाखल होत नाही, मग इस्पितळासाठी जन्मलेल्या विम्यात दाढेला जागा कुठून मिळणार?

देशाचे दात मात्र फार वाईट होते. युद्धाच्या सुरुवातीला सैन्यात भरती होणाऱ्या जवानाला वर-खाली एकमेकांवर नीट बसणारे ठरावीक दात असावेत अशी अट होती. तेवढे दातही नाहीत म्हणून इतकी तरुण मुलं परत पाठवावी लागली, की शेवटी ती अट सैल करावी लागली. सरकार खडबडून जागं झालं ते तेव्हा. जानेवारी १९४५ मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स शहराने पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड मिसळायला सुरुवात केली. असं करणारं ते पहिलं शहर. १९४८ मध्ये दातांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उघडली. पण किडलेली दाढ घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाने पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर गोदीतून आलं, आणि ही गोष्ट मला इथल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगावीशी वाटते. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत जहाजांतला माल चढवणारे-उतरवणारे कामगार १९३४ पर्यंत रोज पहाटे धक्क्यावर घोळक्याने उभे राहत आणि मुकादम बोट दाखवेल त्याला त्या दिवशी काम मिळे. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी संप पुकारला. ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. संप ८३ दिवस चालला आणि त्यातून कामाचं वाटप युनियनच्या हॉलमधून होण्याची पद्धत आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले हॅरी ब्रिजेस हे त्यांचे पुढारी. सरकारने त्यांना देशाबाहेर घालवण्याचा वारंवार प्रयत्न केला, तो फसला. १९३७ मध्ये या कामगारांची स्वतंत्र युनियन झाली आणि १९४९ मध्ये मालक व युनियन यांच्या संयुक्त कारभाराखाली कल्याण निधी सुरू झाला. १९५१ मध्ये या निधीच्या मदतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांची सामूहिक आरोग्य तपासणी झाली. आजार होण्याची वाट बघायची नाही, आधी शोधायचा, हे त्या युनियनच्या अंगवळणी पडत होतं.

१९५४ साली निधीत शिल्लक पडली आणि ती मुलांच्या दातांवर खर्च करायचं ठरलं. वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या तिन्ही राज्यांतल्या सभासदांची चौदा वर्षांपर्यंतची मुलं त्यात धरली. मुलंच का, तर मोठ्यांच्या तोंडात वर्षानुवर्षांचं काम साठलेलं होतं, ते उपसायला कुठलाच निधी पुरला नसता. मुलांपासून सुरुवात केली तर कीड बारीक असतानाच भरता येते आणि पुढचा खर्च टळतो. दातांच्या विम्याचं मूळ सूत्र हेच. तो जन्माला आला तो तपासणीसाठी, लवकर सिमेंट भरण्यासाठी, लहान खर्च वेळेवर करून मोठा टाळण्यासाठी. आजही तो जिथे उत्तम चालतो ती जागा हीच आहे.

ही कामं करणार कोण, यावरून मात्र दोन मतं होती. युनियनने स्वतःचे दवाखाने काढले तर आपले पेशंट जातील, ही डॉक्टरांना भीती. म्हणून तिन्ही राज्यांतल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी पुढाकार घेऊन ना-नफा सेवा संस्था स्थापन केल्या. पेशंटने आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे जायचं, डॉक्टरने केलेल्या कामाप्रमाणे संस्थेकडून पैसे घ्यायचे. याच संस्थांचं पुढे देशभर जाळं झालं. १९६६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि काही वर्षांत तिने डेल्टा हे नाव घेतलं. आज इथल्या कित्येक घरांच्या पाकिटात जे डेल्टा डेंटलचं कार्ड असतं, त्याची वंशावळ अशी गोदीपर्यंत जाते. दुसरी वाट लॉस एंजेलिसच्या बंदर भागात डॉ. मॅक्स शोन यांनी धरली. त्यांनी बरेच दंतवैद्य एका छताखाली आणले आणि केलेल्या कामागणिक बिल लावण्याऐवजी नोंदलेल्या मुलांमागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत चालवली. मुलांचे दात चांगले राहिले तर दवाखान्याचाही फायदा, असं ते गणित.

आज निवडीच्या अर्जावर पीपीओ की डीएचएमओ असा जो प्रश्न येतो, तो त्याच दोन वाटांचा आहे. पीपीओमध्ये हप्ता जास्त, पण डॉक्टर निवडायला मोकळीक. यादीतला, म्हणजे नेटवर्कमधला, डॉक्टर घेतला तर ठरलेल्या दरात काम होतं. यादीबाहेरचा घेतला तरी प्लॅन काही भाग देतो, वरचा फरक आपल्या खिशातून. डीएचएमओमध्ये हप्ता कमी, बहुधा वार्षिक कमाल रक्कमही नसते आणि प्रत्येक कामाचा आपला वाटा आधीच छापलेला असतो. पण एकच दवाखाना नेमून घ्यावा लागतो आणि त्याबाहेर गेलं की सहसा काही मिळत नाही. डीएचएमओ म्हणजे हलका माल, असं परस्पर ठरवून टाकू नये. नेमलेला दवाखाना घराजवळ आहे का, नवीन पेशंटला तपासणीची तारीख किती दिवसांनी मिळते, हे फोन करून विचारावं. उत्तर चांगलं आलं तर ज्या घरात मोठी कामं निघणार आहेत त्यांना तो पीपीओपेक्षा स्वस्त पडू शकतो.

साठच्या आणि सत्तरच्या दशकांत खासगी विमा कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि त्यांच्यापुढे एक अडचण आली. आग लागणं, अपघात होणं हे थोड्यांच्या वाट्याला येतं. कीड जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येते. शिवाय दाताचं काम पुढे ढकलता येतं, म्हणजे माणूस विमा मिळेपर्यंत थांबतो, सगळी कामं एकदम करून घेतो आणि विमा सोडून देतो. यावर उपाय म्हणून आजची कलमं आली. सुरुवातीला थोडी रक्कम पेशंटने भरायची, ते डिडक्टिबल. मोठ्या कामांसाठी सहा महिने ते वर्षभर थांबायचं, तो प्रतीक्षा काळ. तपासणी आणि क्लीनिंगला शंभर टक्के, सिमेंटसारख्या साध्या कामांना ऐंशी, कॅप-ब्रिज-कवळीला पन्नास, ही उतरती भाजणी. म्हणजे नियमित येणाऱ्याला झुकतं माप. काही प्लॅनमध्ये तर नियमित तपासणीला आलात तर तुमची टक्केवारी पहिल्या वर्षी सत्तर, मग ऐंशी, नव्वद आणि चौथ्या वर्षी शंभर अशी चढत जाते. गोदीतल्या मूळ हेतूशी इमान राखणारी ही रचना मला मनापासून आवडते.

आणि सर्वांत वर एक रेघ मारली गेली. वर्षाला प्लॅन देईल ती कमाल रक्कम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती सर्रास हजार डॉलर होती. १९७३ मध्ये मोटार कामगारांच्या युनियनने डेट्रॉईटच्या कंपन्यांकडून दातांचा विमा मिळवला, मग इतर उद्योगांतही तो पसरला, आणि पसरला तो ही रेघ सोबत घेऊनच. त्या काळी हजार डॉलरमध्ये माणसाच्या तोंडातलं बहुतेक काम होऊन जाई. महागाईच्या हिशेबाने त्या हजाराचे आज सात हजारांहून जास्त डॉलर होतात. रेघ मात्र असंख्य प्लॅनमध्ये हजार, दीड हजार, फार तर दोन हजारांवरच आहे. हप्ते वाढले, फी वाढली, साहित्य बदललं. ही एकच गोष्ट जिथल्या तिथे राहिली. दातांच्या विम्यात आज जे काही दुखतं त्याचं मूळ बहुतांशी इथे आहे.

मागे एका वहिनींचा फोन आला होता. "अगं, पुस्तिकेत रूट कॅनॉलला ऐंशी टक्के लिहिलंय, कॅपला पन्नास. मग मला तेराशे डॉलर कसे पडतायत? फसवतायत का गं?"

"फसवत नाहीत, वहिनी. कागद-पेन घ्या."

मग आम्ही फोनवर हिशेब केला. नेटवर्कचा दर रूट कॅनॉलला हजार आणि कॅपला हजार. डिडक्टिबल पन्नास. रूट कॅनॉलचे पन्नास वजा करून उरलेल्या साडेनऊशेचे ऐंशी टक्के, म्हणजे ७६०. कॅपचे पन्नास टक्के, ५००. प्लॅनने द्यायला हवेत १२६०. पण वर्षाची रेघ हजारावर, आणि त्यातले तीनशे वर्षभरातल्या तपासण्या, एक्स-रे आणि क्लीनिंगने आधीच संपवलेले. उरले ७००. दोन हजारांतून सातशे गेले, वहिनींच्या वाट्याला तेराशे आले. ऐंशी आणि पन्नास हे आकडे खरेच होते, पण रेघेने ते खाऊन टाकले.

म्हणून मी सांगते, पुस्तिका खालून वर वाचा. टक्केवारी सर्वांत शेवटी. आधी वर्षाची कमाल रक्कम बघा, आणि तपासणी-क्लीनिंग त्या रकमेतून वजा होतं का हे बघा. काही प्लॅन ते वेगळं ठेवतात आणि तेवढ्यानेच दोन-तीनशे डॉलर वाचतात. वहिनींच्या कंपनीत दीड हजारांच्या मर्यादेचा दुसरा प्लॅन असता आणि त्याचा हप्ता महिना पंधरा डॉलर जास्त असता, तर वर्षाला १८० जास्त भरून त्यांना ५०० जास्त मिळाले असते. ज्यांच्या तोंडात जुन्या चांदीच्या मोठ्या भरण्या आहेत, अर्धवट राहिलेलं रूट कॅनॉल आहे, त्यांनी वरचा प्लॅन घ्यावा. ज्यांचे दात धड आहेत आणि वर्षाला दोन क्लीनिंगच होणार आहेत, त्यांनी त्या १८० डॉलरचं काय करायचं ते स्वतः ठरवावं. काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघालं असेल तर आणखी एक वाट असते. रूट कॅनॉल या वर्षी, कॅप जानेवारीत. वहिनींच्या उदाहरणात या वर्षीचे ७०० आणि पुढच्या वर्षी पुन्हा डिडक्टिबल जाऊन ४७५, असे ११७५ मिळतात. पण रूट कॅनॉल झालेली दाढ कॅपशिवाय तडकू शकते, तेव्हा थांबायचं की नाही हे डॉक्टरने सांगायचं, प्लॅनने नव्हे. शिवाय कॅपची तारीख कुठली धरतात तेही विचारायचं: काही प्लॅन दाढ घासून माप घेतल्याची तारीख मानतात, काही कॅप पक्की बसवल्याची.

कमाल रकमेनंतर वगळलेल्या गोष्टींचं पान. आपल्या लोकांना यातलं एक कलम फार जाचतं. विमा सुरू होण्याआधीच जो दात काढलेला आहे, त्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायला बरेच प्लॅन पैसे देत नाहीत. विशीत असताना सांगलीत नाहीतर साताऱ्यात दाढ काढून आलेला माणूस इथे चाळिशीत ब्रिज करायला येतो आणि क्लेम परत येतो. हे कलम सगळ्या प्लॅनमध्ये नसतं, म्हणून निवडीच्या वेळीच शोधायचं. दुसरं, दाढेत पांढरं सिमेंट भरलं तरी चांदीच्या भरणीइतकेच पैसे देणारं कलम. तिसरं, क्लीनिंगच्या तारखा. 'वर्षात दोन' असेल तर केव्हाही दोन चालतात. 'सहा महिन्यांत एक' असेल तर एक दिवस आधी आलात तरी अख्खं बिल तुमच्या माथी येतं. अशा पेशंटला मी तारीख देताना सहा महिने आणि वर थोडे दिवस मोजूनच देते. मुलांच्या दातांना तारा बसवायच्या असतील तर त्यांची मर्यादा बहुधा वर्षाची नसते, आयुष्यभराची असते. आई-वडील दोघांचेही विमे असतील तर मुलांसाठी आधी कुणाचा लागतो याचा सर्वमान्य नियम असा, की वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा. वयाशी संबंध नाही, महिना-तारीख बघायची. आणि मोठं काम ठरलं की सुरू करण्यापूर्वी प्लॅनकडून लेखी अंदाज मागवायचा. दवाखान्याने उपचारांचे कोड आणि एक्स-रे पाठवले की प्लॅन कळवतो, आम्ही इतके देऊ, तुमचे इतके. हा कागद मागता येतो, पण बहुतेक जण तो मागत नाहीत.

हा सगळा हिशेब ज्यांना विमा आहे त्यांचा. दातांची वाट वेगळी ठेवण्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती इतरांनी. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली तेव्हा पासष्टीपुढच्या माणसांना इस्पितळ आणि डॉक्टर मिळाले, पण दात आणि दातांना धरून ठेवणारे भाग यांवरचे उपचार कायद्यानेच वगळले गेले. ते आजही वगळलेलेच आहेत. अवयव प्रत्यारोपण किंवा हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेआधी दातांचा संसर्ग काढावा लागतो, अशा मोजक्या प्रसंगांसाठी २०२३ पासून दार थोडं रुंद झालं, एवढंच. इथल्या मुलांकडे ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर मिळालं तरी कवळीचा खर्च घरातूनच करावा लागतो तो यामुळे. कमी उत्पन्नाच्या प्रौढांसाठी कॅलिफोर्नियाची मेडि-कॅल योजना दातांचे उपचार देते. पण २००९ मध्ये सरकारकडे पैसे नव्हते तेव्हा त्यातले बहुतेक बंद केले गेले, २०१४ मध्ये काही परत आले, २०१८ मध्ये पूर्ण. तिजोरी आटली की पहिली कात्री दातांना लागते.

फेब्रुवारी २००७ मध्ये मेरीलँड राज्यात डिमॉन्टे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा वारला. किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. तो दात वेळेवर काढला असता तर ऐंशी डॉलरच्या आसपास खर्च आला असता. मेंदूवरच्या शस्त्रक्रिया आणि इस्पितळाचं बिल अडीच लाखांच्या घरात गेलं आणि मूल वाचलं नाहीच. ज्या बाल्टिमोरमध्ये दंतवैद्यक वैद्यकापासून वेगळं उभं राहिलं ते याच राज्यात आहे. त्या मृत्यूने देश हादरला. २००९ च्या कायद्याने राज्यांच्या मुलांसाठीच्या आरोग्य योजनांमध्ये दातांचे उपचार सक्तीचे झाले आणि २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने व्यक्तिगत आणि लहान कंपन्यांच्या विम्यात मुलांच्या दातांना आवश्यक सेवेचा दर्जा दिला. त्या सेवेला वार्षिक कमाल रकमेची रेघ लावता येत नाही. मुलांपुरती का होईना, ती रेघ पुसता येते हे त्यातून दिसलं.

दुसऱ्या देशांनी वेगळे निर्णय घेतले. ब्रिटनमध्ये जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती दातांसकट, आणि मोफत. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गरज एकदम बाहेर आली, कवळ्यांची मागणी सरकारच्या अंदाजापलीकडे गेली. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरुण हॅरॉल्ड विल्सनही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. कवळीवरून मंत्र्याने खुर्ची सोडावी इतकं हे मोलाचं वाटणारी माणसं राजकारणात होती. अमेरिकेप्रमाणे कॅनडानेही दात आपल्या सार्वजनिक विम्याबाहेर ठेवले होते. आता तिथे खासगी विमा नसलेल्या आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. तिचे उपचार मे २०२४ पासून सुरू झाले.

आपल्याकडे १९३३ मध्ये मुंबईत नायर दंत महाविद्यालय सुरू झालं आणि १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा आला. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, पण तोही इस्पितळात दाखल होण्याभोवती बांधलेला, म्हणून डल्लासचाच न्याय तिथेही लागला. अपघातात जबडा मोडून दाखल झालात तर मिळेल, दाढ किडली तर नाही. बाह्यरुग्ण खर्चाची जोड देणाऱ्या पॉलिसी आता मिळतात, त्यातही दातांसाठी किती रक्कम आहे ते बघून घ्यावं लागतं. इथली पुष्कळ मंडळी डिसेंबरात पुण्याला जातात तेव्हा इम्प्लांट करून येतात. तो निर्णय रास्त असू शकतो. त्यांना माझी एकच विनंती असते: परत येताना एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, माप लिहिलेलं कार्ड घेऊन या. दोन वर्षांनी स्क्रू सैल झाला तर इथल्या डॉक्टरला त्याच मापाचं अवजार लागतं आणि ते कळायला दुसरा मार्ग अवघड असतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवला गेला. दातांच्या विमा कंपनीने गोळा केलेल्या दर डॉलरपैकी किमान ८३ सेंट पेशंटच्या उपचारांवर खर्च करावेत, नाहीतर फरक परत करावा, हे मान्य आहे का? सुमारे ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. आरोग्य विम्याला असा नियम देशभर आधीपासून होता, दातांना नव्हता. १९५४ मध्ये मागणी कामगारांनी केली, २०२२ मध्ये मतदारांनी केली.

हजार डॉलरची रेघ ओढायला कुठलाही कायदा भाग पाडत नाही. मालक आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारातला तो एक आकडा आहे आणि दर वर्षी करार नवा होताना तो बदलता येतो. आपल्यातले कितीतरी जण आज कंपन्यांमध्ये व्यवस्थापक आहेत, काही जण कर्मचाऱ्यांच्या सवलती ठरवणाऱ्या समित्यांवर बसतात. त्यांनी तिथे विचारावं: आपली मर्यादा किती आहे, शेवटची कधी वाढवली होती, तपासणीचा खर्च त्यातून वगळायला किती पडेल, आधी काढलेल्या दाताचं कलम काढून टाकायला किती पडेल. ज्यांना समितीवर जागा नाही त्यांनी एचआरला हेच चार प्रश्न लिहून पाठवावेत. एकट्याने पाठवलं तर एक पत्र होतं, मजल्यावरच्या वीस जणांनी पाठवलं तर मागणी होते. आणि हे पत्र ऑक्टोबरात पाठवून उपयोग नाही, तोवर पुढच्या वर्षीचा करार ठरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये पाठवा.